पहूर रस्त्यावरचे चिनी नाना

"जीभ दाखवा."

नमस्कार नाही, बसा नाही, पाणी नाही. समोर केळीचा व्यापारी असो नाहीतर तहसील कचेरीतला साहेब, हे गृहस्थ आधी त्याचं मनगट पकडायचे, डोळे मिटायचे आणि मग हे दोन शब्द बोलायचे. खेड्यातला माणूस असला तर "जीभ दखाड". आणि लोक खरोखर दाखवायचे. चांगले शिकलेसवरलेले, मिशीवाले, चारचौघांत मान असलेले लोक तोंड उघडून उभे राहायचे, आणि हे मान तिरकी करून त्यांच्या तोंडात बघत राहायचे.

मी दाखवली नाही. पहिल्याच भेटीत त्यांनी माझं मनगट धरलं तेव्हा मी हात सोडवून घेतला.

"घाबरतोस?"

"नाही. मला आवडत नाही."

"काय आवडत नाही? हात धरलेला, का मी?"

"दोन्ही."

तिथून आमचं जे बिनसलं ते बिनसलंच. असा एखादा माणूस तुमच्याही कामाच्या जागी असेल. त्याच्याशी तुमचं भांडण कशावरून सुरू झालं ते आठवत नाही, पण तो खोलीत आला की तुमची मान ताठ होते. माझ्यासाठी तो माणूस म्हणजे हे.

मी अजिंठ्याच्या लेण्यांत गाईड आहे, राहायला जळगावात. कोरोनात लेणी बंद झाली तेव्हा धरणगावला मेव्हण्याच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्या उतरवून घेत होतो. लेणी उघडली, तरी परदेशी पाहुणा काही येईना. त्याच दिवसांत पहूर रस्त्यावरच्या एका रिसॉर्टच्या शेठनं मला बोलावलं. शेठ राजस्थानी, तिसरी पिढी जळगावातली, मराठी माझ्यापेक्षा चांगलं.

"गाईडसाहेब, विदेशी पाहुणा जळगावला गाडीतून उतरतो, लेणी बघतो आणि संध्याकाळच्या गाडीनं निघून जातो," शेठ म्हणाले. "त्याला चार दिवस थांबवायचंय. आता सगळ्या जगाला तब्येतीची भीती बसलीय. आपण त्याला तब्येत देऊ."

"म्हणजे योगासनं?"

"योगासनं हृषीकेशला, आयुर्वेद केरळात. आपल्याकडे काहीतरी वेगळं पाहिजे." असं म्हणून शेठनी दार उघडलं, आणि आत सुया, काचेचे पेले आणि माणसाच्या शरीराचा ठिपक्या-ठिपक्यांचा तक्ता घेऊन हे बसलेले.

सगळे त्यांना डॉक्टर म्हणत. मी कधी म्हणालो नाही, कारण ते डॉक्टर नव्हते. वयाकडे बघून मी नाना म्हणायचो, तेही नाइलाजानं.

नाना मूळचे पिंपळनेरचे. पुढे धुळ्यात घर केलं. एका व्यापाऱ्यासाठी माल बघायला ते चीनमध्ये जाऊन राहिले होते. दिव्यांच्या माळा, प्लॅस्टिकची फुलं, भोंगे वाजवणारी खेळणी. तिथे एकदा खोकी उचलताना कंबर धरली, आणि घरमालकिणीच्या म्हाताऱ्या वडिलांनी सुया टोचून ती सोडवली. तेव्हापासून नाना रोज संध्याकाळी त्या म्हाताऱ्याच्या दुकानात जाऊन बसू लागले. झाडपाल्याची पुडकी बांधून द्यायचे, पेले धुवायचे, हळूहळू सुयाही टोचायला शिकले. त्यांचं शिक्षण एवढंच. ते स्वतः मात्र "माझे गुरुजी" असं अशा आवाजात म्हणायचे, की ऐकणाऱ्याला मोठं विद्यापीठच डोळ्यांपुढे यावं.

आणि ते परत आले ते नेमके कोरोनाच्या तोंडावर.

ही हकिगत मला शेठनं सांगितली. धुळ्यातल्या गल्ल्यांना नंबर असतात. नानांच्या गल्लीचा नंबर मी सांगत नाही, सांगण्यासारखं त्या गल्लीनं काही केलेलं नाही. नाना चीनहून आलेत म्हटल्यावर गल्लीनं त्यांच्या दारापुढे बांबू बांधले. तपासणीत काही निघालं नाही, सांगितलेले दिवस ते घरात बसले, तरी बांबू तसेच. दूधवाला येईना. दारावर कोणी तरी डांबरानं 'चायना' लिहिलं. नानांची बायको आधीच वारलेली, मूलबाळ नाही. पिंपळनेरहून भाचा मोटारसायकलवर शिधा घेऊन यायचा आणि बांबूंवरून आत टाकायचा.

हे ऐकून तुम्हाला त्यांच्याबद्दल माया वाटली असेल. मलाही वाटली असती. पण नानांना माया नको होती. त्यांना सूड हवा होता. ज्या शब्दावरून लोकांनी वाळीत टाकलं, तोच शब्द त्यांनी रिसॉर्टच्या पाटीवर लिहून घेतला. सुया टोचून घ्यायला आलेल्या प्रत्येक रोग्याला ते आधी विचारायचे, "कोरोनात कोणाच्या दारी बांबू बांधले होते का?" हो म्हणणाऱ्याची सुई जरा जोरात जायची, असं ते स्वतःच मला हसत सांगायचे. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही.

शेठनं त्यांच्यासाठी रेशमी डगला शिवून घेतला. जरीकाम करणाऱ्यानं पाठीवर चिनी अजगर काढला होता. त्यानं जन्मात तसा अजगर पाहिलेला नव्हता, त्यामुळे तो मिशा फुटलेल्या मगरीसारखा दिसायचा. तुळस, ओवा आणि गवती चहाच्या काढ्याला शेठनं काहीतरी चिनी नाव दिलं होतं. त्याचा अर्थ मी नानांना विचारला.

"काहीच अर्थ नाही," ते म्हणाले. "पण ऐकायला बरं वाटतं ना?"

पाटी लागली आणि आठवड्याच्या आत जळगावहून काही तरुण मोटारसायकली घेऊन आले. चिनी माल, चिनी औषध, हे इथे चालणार नाही. शेठ मागच्या दारानं निघून गेले. नाना डगला घालून फाटकापर्यंत चालत गेले, पुढाऱ्याचं मनगट धरलं आणि म्हणाले, "जीभ दाखवा." बोलता बोलता त्या पोरानं खरंच जीभ बाहेर काढली. त्याचे सोबतीच हसायला लागले. पोरगा लालबुंद झाला. तो गेला, आणि दुसऱ्या दिवशी जास्त लोक घेऊन आला. पाटीवर काळं ऑइल ओतलं, बागेतल्या कुंड्या फोडल्या. नानांनी पाटी पुसली नाही. तशीच राहू दिली. शेठ विनवण्या करून थकले.

"राहू द्या," नाना म्हणायचे. "येणाऱ्याला कळू दे, कोणत्या गावात आलाय ते."

आता सांगा, अशा माणसाला पर्यटन चालवायला कोणी बसवेल का?

आमचं खरं भांडण मात्र लेण्यांत झालं. पहिले पाहुणे आले ते एक जर्मन जोडपं. नानाही डगला चढवून आमच्याबरोबर बसमधून आले. सोळाव्या लेण्यात एक चित्र आहे. राजकन्येची मान ढळलेली, भोवती दासी, एकीनं तिचा हात धरलेला. मी नेहमीसारखी गोष्ट सांगत होतो, की नवऱ्यानं संन्यास घेतल्याची बातमी तिला कळली आहे आणि तिचा जीव चाललाय. मला मध्येच थांबवून नाना मोडक्या इंग्रजीत बोलू लागले. ही दासी नाडी बघते आहे. हीच नाडी पुढे भिक्षूंनी चीनला नेली. आज संध्याकाळी मी तुम्हाला तीच नाडी दाखवणार.

मी तिथल्या तिथे म्हणालो, "असा कुठलाही पुरावा नाही. हे गृहस्थ सुया टोचतात, त्यांना चित्रातलं काही कळत नाही."

जर्मन बाई माझ्याकडे बघत राहिली, मग नानांकडे. संध्याकाळचे उपचार त्यांनी रद्द केले आणि रात्रीच्या गाडीनं निघून गेले.

परतीच्या बसमध्ये नाना माझ्या शेजारी येऊन बसले. "तू माझ्या पोटावर पाय दिलास."

"तुम्ही माझ्या लेण्यांत खोटं बोललात."

"तुझी लेणी? तू कोरलीस?"

"नाही. पण आयुष्य तिथे उभं राहून काढलंय. आहे तेवढंच सांगतो. त्यात पदरचं घालत नाही."

"हाऊ गाईड माले शिकाडस," ते बसमधल्या बाकीच्यांना मोठ्यानं म्हणाले. चिडले की ते अहिराणीवर यायचे. "अरे, तुमना धंदाच गोष्टी सांगाना. बठ्ठा खोटा शेतस, सगळे खोटे." मग माझ्याकडे वळून हळू आवाजात, "धीर द्यायला धरलेला हात आणि नाडी बघायला धरलेला हात वेगळा असतो. मला तो फरक कळतो. तुला कळत नाही, कारण तू कोणाचा हातच धरत नाहीस."

त्यानंतर आम्ही बोलणं टाकलं. निरोप शेठमार्फत जायचे. ते एका टोकाला जेवायला बसले की मी दुसऱ्या टोकाला. भरीत वाढायला आणलं की ते आचाऱ्याला म्हणायचे, "गाईडला जास्त तिखट वाढ. त्याच्या पोटात थंडी आहे." मी ताटावर हात धरायचो.

पाहुणे थोडे थोडे येत होते. कोणाचा खांदा मोकळा व्हायचा, कोणाला झोप लागायची, कोणी पाठीवर काचेच्या पेल्यांचे गोल डाग घेऊन तक्रार करत जायचं. आमच्या घरातही फितुरी झालीच. कोरोनातून उठल्यापासून बायकोचा खांदा धरलेला होता. ती मला न सांगता शेजारणीबरोबर जाऊन सुया टोचून आली. मी रागावलो तर हात वर करून दाखवला. "आता हा वर जातो. का जातो ते मला ठाऊक नाही, आणि तुम्ही ते मला समजावूही नका." त्या दिवशी घरात स्वयंपाक झाला, पण बोलणं झालं नाही.

मग मलेशियाचा गट आला. चिनी वंशाचे बौद्ध लोक, बहुतेक वयस्कर, बुद्धाच्या जागा बघत फिरणारे. शेठचा आनंद मावेना. मी म्हणालो, "शेठ, चिनी औषध तुम्ही चिनी माणसांना विकणार?" शेठ म्हणाले, "त्यांना आपलेपणा वाटेल."

गटात काठी घेऊन चालणारी एक म्हातारी होती. तिच्या बापजाद्यांचं औषधी वनस्पतींचं दुकान होतं आणि ती स्वतः जन्मभर त्या दुकानात बसली होती. हे तिनं मला लेण्यांच्या पायऱ्यांवर दम खात सांगितलं होतं. मी ते नानांना मुद्दाम कळवलं नाही. मला मजा बघायची होती. आजही त्याचं मला वाईट वाटत नाही.

नाना डगला घालून आले आणि चिनी बोलू लागले. त्यांचा चेहरा मी इतका उजळलेला कधी पाहिला नव्हता. इतक्या वर्षांनी ती भाषा समजणारं माणूस समोर बसलेलं. पण त्यांची चिनी घाऊक बाजारातली. गटातले लोक एकमेकांकडे बघून हसू दाबायला लागले. एकानं मला इंग्रजीत सांगितलं, "ते आम्हाला विचारतायत, की किती पेटी पाठवू."

म्हातारी हसली नाही. नानांनी सवयीप्रमाणे तिचं मनगट धरलं, तर तिनं हळूच हात उलटा केला आणि त्यांचंच मनगट धरलं. खूप वेळ धरून ठेवलं. मग दुसरं. काहीतरी म्हणाली. नाना हसले, मान हलवली. तिनं पुन्हा तेच म्हटलं. तेव्हा त्यांनी, हजार माणसांना जीभ दाखवायला लावणाऱ्या त्या माणसानं, शाळेतल्या पोरासारखी जीभ बाहेर काढली.

तिनं त्यांना त्यांच्याच खाटेवर बसवलं, वाकून पायजमा वर सारला आणि नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला, तरी खड्डा तसाच राहिला. आम्ही सगळे बघत होतो. पिठाच्या गोळ्यावर बोट उमटावं तसा तो खड्डा, आणि तो भरून येईचना.

नानांनी मला तिचं बोलणं सांगितलं नाही. मी तिला इंग्रजीत विचारलं. ती म्हणाली, "हे सुयांचं काम नाही. यांना दवाखान्यात न्या. आजच."

शेठ म्हणाले, "पाहुण्यांचा कार्यक्रम तेवढा होऊ द्या." म्हातारीनं काठी उचलून दार दाखवलं. शेठना तिची भाषा येत नव्हती, तरी कळलं.

गाडी मला चालवावी लागली. ड्रायव्हरला गटाला घेऊन जायचं होतं. बराच रस्ता मागे पडेपर्यंत नाना खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "पाय सुजतात ते मला माहीत होतं. स्वतःला सुया लावत होतो."

मी गिअर बदलला.

"ती हसली नाही. बाकीचे हसले. तू पण हसलास."

"हो."

"माझी फजिती झाली. तुला बरं वाटलं?"

रस्त्यावर केळीचा ट्रक आडवा लागला होता, मी थांबलो. "हो नाना," मी म्हणालो. "बरं वाटलं."

त्यांनी मान डोलावली. जरा वेळानं म्हणाले, "बांबू बांधताना गल्लीतला एकही असं बोलला नाही. प्रत्येक जण म्हणत होता, तुमच्याच भल्यासाठी आहे. पाया पडायचे आणि दोरी आवळायचे." मग डगल्याची बटणं काढून त्यांनी तो मागच्या सीटवर टाकला. आत साधा पांढरा बनियन होता, गळ्याशी फाटलेला. "तू निदान तोंडावर सांगतोस."

जळगावच्या दवाखान्यात रक्त तपासलं. रक्तदाब वर्षानुवर्षं चढलेला, कधी मोजलेला नाही, आणि दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ निकामी. तरुण डॉक्टर त्यांना ओरडला. नाना ऐकून घेत राहिले. त्यांनी त्याचं मनगट धरलं नाही. मला ते बघवलं नाही, म्हणून मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

शेठनं महिन्याच्या आत खोली रिकामी केली. आता तिथे लग्नाच्या वऱ्हाडासाठी नवरीची खोली आहे. परदेशी पाहुणे पूर्वीसारखे लेणी बघून संध्याकाळच्या गाडीनं जातात.

नानांना डायलिसिस सुरू झालं. मी म्हणालो, पिंपळनेरला बहिणीकडे राहा, धुळ्यात एकट्यानं कसं होणार. "मन्ही गल्ली शे ती," ते म्हणाले. "तठेच जासू. त्यांना रोज माझं तोंड बघू दे."

एकदा कामानं धुळ्याला गेलो तेव्हा त्यांच्याकडे डोकावलो. ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. हातापायांच्या काड्या झालेल्या. जाणारा-येणारा "काय डॉक्टर, बरं आहे ना?" म्हणायचा आणि हे त्याच्याकडे नुसते बघायचे, उत्तर द्यायचे नाहीत. तो माणूस पुढे जाऊन वळेपर्यंत बघायचे. पाणी मोजून प्यायचं होतं, म्हणून घोटभर पाणी तोंडात खेळवत ठेवायचे.

"डायलिसिसच्या मशीनवर काय लिहिलंय ठाऊक आहे?" त्यांनी विचारलं. "मी वाचलं. चिनी आहे. तिथल्या पोराला सांगितलं, तर म्हणतो, काका, गप्प पडून राहा."

मी हसलो. तेही हसले. मग म्हणाले, "जा आता. गाडी चुकेल. आणि पुन्हा आलास तर रिकाम्या हातानं येऊ नकोस, चोपड्याची केळी आण. मला चालत नाहीत, पण घरात वास राहू दे."

केळी घेऊन जायचं राहून गेलं. भाच्याचा फोन आला तेव्हा उन्हाळा होता. मी बसनं धुळ्याला पोचलो तोवर पांझरेकाठी अमरधामात चिता रचून झाली होती. गल्ली बरीच जमली होती. शेठ आले नव्हते. भाच्यानं अग्नी दिला.

बाकावर डोक्याला रुमाल बांधून गल्लीतले चार जाणते बसले होते. देवमाणूस होता, एक म्हणाला. गल्लीची शान होती, दुसरा म्हणाला. "कोरोनात चीनहून आले, तर साऱ्या गल्लीनं सांभाळलं बघा त्यांना. काही कमी पडू दिलं नाही." मग माझ्याकडे बघून त्यानं विचारलं, "तुम्ही कोण त्यांचे? रुग्ण होतात का?"

"नाही. मी अजिंठ्याचा गाईड. आमचं पटत नव्हतं."

तोच मग समजुतीच्या आवाजात म्हणाला, "अहो भाऊ, आता असं बोलू नये. माणूस गेला. या, बसा," आणि सरकून त्यानं बाकावर जागा केली.

मी बसलो नाही. उन्हातच उभा राहिलो, नदीकडे तोंड करून, त्या चौघांकडे पाठ करून, चिता विझेपर्यंत.